धाप, तळमजला आणि व्युत्पत्ती

माझं इंग्रजी चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण या प्रकरणात दोष द्यायचा झाला तर तो त्यालाच द्यावा लागतो. भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यात, परचेस सेक्शनला, मी बावीस वर्षं ड्राफ्टिंग केलं. कुणाची बढती अडली, कुणाला सासऱ्याच्या तेराव्यासाठी रजा वाढवून हवी असली, की माणसं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहत. "टेंबेसाब, ज़रा अच्छी-सी अंग्रेज़ी में." मी अच्छी-सी लिहून देत असे आणि त्यांची कामं होत. माझ्या हातचा फक्त एकच अर्ज फसला. तो माझ्या घरचा होता.

हे सगळं अठ्ठ्याहत्तर साली झालं. टाउनशिपमध्ये तळमजला आणि वर तीन मजले अशा पिवळ्या इमारती होत्या, आणि आमचं क्वार्टर अगदी वरचं. वारा छान येतो म्हणून मीच ते हौसेने मागून घेतलं होतं. एकदा जेवताना प्रमिला, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, खालचं क्वार्टर मिळतंय का बघा ना. हल्ली जिना चढताना फार धाप लागते." तिचं म्हणणं एवढंच होतं. ते जसंच्या तसं इंग्रजीत करून खाली सही ठोकली असती, तर पुढचं काहीही घडलं नसतं आणि मलाही आज मान खाली घालून हे सांगावं लागलं नसतं.

क्वार्टर रिकामं होणार असल्याची बातमी वसंतराव ठवकरांनी आणली. ठवकर मूळचे नागपूरचे, आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहायचे, कारखान्यात बॉयलर शॉपला फोरमन. "खालचे गुप्ताजी मार्चमध्ये रिटायर होऊन राहिले," ते म्हणाले. "एस्टेट ऑफिसमध्ये सक्सेनाबाबूले एक कागद द्या. 'वाइफ को साँस की तकलीफ है', बस. जास्त लिहू नका, टेंबेसाहेब. जास्त लिहिलं का साहेब लोक वाचतात."

ज्या माणसाने जन्मात एक पानही धड लिहिलेलं नाही, त्याने मला कसं लिहावं ते सांगावं, याचा मला राग आला. मी हसून "बघू" म्हणालो. पुढच्या आठवडाभरात इतरांचेही सल्ले आले. एकाने आल्याचा रस आणि मध सांगितला, एकाने मिसरोदचा वैद्य सांगितला, आणि समोरच्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांनी तर टाउनशिप सोडून स्वतःचा प्लॉट घेण्याचा सल्ला दिला. धापेवर प्लॉट हा उपाय मी प्रथमच ऐकला. डॉक्टरकडे जा असं मात्र कुणी म्हणालं नाही, आणि माझ्याही डोक्यात ते आलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हा शब्द होता.

आता धापेला इंग्रजीत शब्द कोणता? 'ब्रेथलेस' कुणालाही सुचतो, म्हणून तो बाद. गॅस्प, व्हीझ, पफ आणि पँट असे चार उमेदवार उरले. घरच्या छोट्या डिक्शनरीत चौघांचाही अर्थ जवळजवळ एकच दिला होता, आणि एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांपैकी मी नव्हतो. रविवारी बस पकडून मी जवाहर चौकात गेलो. तिथे जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात मोठ्या इंग्रजी कोशाचा एक भाग कित्येक दिवस पडून होता, हे मला ठाऊक होतं. बारा-तेरा भागांपैकी एकच, 'ओ' आणि 'पी' या अक्षरांचा. दुकानदाराला मी बाकीच्या भागांबद्दल विचारलं. "जनाब, बाकी दीमक खा गई," तो म्हणाला, "ये हिस्सा उसे भी भारी पड़ा."

त्यामुळे गॅस्प आणि व्हीझ आपोआप गळाले, कारण 'जी' आणि 'डब्ल्यू' वाळवीच्या पोटात गेले होते. उरले पफ आणि पँट. पफ मला बिडी ओढणाऱ्याचा वाटला. अशा रीतीने पूर्ण शास्त्रीय पद्धतीने मी 'पँट' या शब्दावर आलो. त्या शब्दाचा विजारीशी काही संबंध नाही, तो शब्द निराळा, त्याचं कूळ निराळं. त्यावरचा विनोद पुढे ऑफिसात सतरा जणांनी केला, आणि प्रत्येकाला तो आपणच प्रथम केला असं वाटलं, म्हणून इथे तो मी करत नाही.

तो भाग विकत घेऊन घरी आणला, उघडला आणि दोन पानं वाचून मी थक्क झालो. पहिला अर्थ धापा टाकणं. दुसरा, एखाद्या गोष्टीसाठी जीव कासावीस होणं, आस लागणं. तिसरा, छातीचं धडधडणं. चौथा वाफेच्या इंजिनाचा, ते थांबून थांबून वाफ सोडतं त्याचा. आणि खाली व्युत्पत्ती. इंग्रजांनी हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला. तिथे त्याचा अर्थ होता, वाईट स्वप्नाने छाती दडपून श्वास न मिळणं. फ्रेंचांनी तो लॅटिनमधून घेतला, लॅटिनने ग्रीकमधून, आणि ग्रीकमध्ये मुळाशी काय, तर डोळ्यांपुढे चित्रं दिसणं, भास होणं. म्हणजे पँट आणि फँटसी ही चुलत भावंडं निघाली. कुणीतरी एक माणूस आठशे-नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये अंथरुणात घाबरून उठून बसला, तोंड उघडं टाकून हवा शोधू लागला, आणि त्याची ती धाप शब्दाच्या पोटात बसून टाउनशिपपर्यंत आली. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन प्रमिलेला हे सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती. "हो का," म्हणाली आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

यापुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. धाप नेमकी पँट आहे की आणखी काही, याची खात्री करावी म्हणून मी तिला दह्यासाठी खाली पाठवलं. घरात दही होतं. ती येईपर्यंत मी दारात कोश उघडून उभा राहिलो. ती वर आली तेव्हा मी विचारलं, "तोंड उघडं ठेवून श्वास घेतेस की नाकाने?" तिने दही ठेवलं आणि ती पंख्याखाली बसली. मी माझ्या वहीत 'बहुधा तोंडाने' असं लिहिलं.

अर्ज साडेतीन पानांचा झाला. जानेवारीत तो मी एस्टेट ऑफिसात सक्सेनाबाबूंना दिला. सक्सेना हा पान खाणारा, गोड बोलणारा माणूस. त्याने पानं उलटली, वजन केल्यासारखी हातावर धरली आणि म्हणाला, "छोड़ दीजिए टेंबेसाब, भाभीजी का काम है, हो जाएगा." फेब्रुवारीत त्याने मला बोलावून घेतलं आणि फाइल उघडून दाखवली. साडेतीन पानांचा सारांश त्याने स्वतःच्या हाताने एका ओळीत केला होता: कर्मचाऱ्याची पत्नी जिन्यावर गॅस्प करते, तळमजला द्यावा. खाली एस्टेट ऑफिसर साहेबांची हिरव्या शाईतली नोंद होती, विचार करण्यास हरकत नाही. आमच्याकडे हिरव्या शाईत 'हरकत नाही' आलं की सामान बांधायला घ्यायचं असतं. सक्सेना मिठाईची वाट बघत माझ्याकडे हसत होता.

मला मात्र ओळीतला एकच शब्द दिसत होता. गॅस्प. गॅस्प म्हणजे एकदाच आ करून श्वास ओढणं, अंगावर पाल पडली की करतात तसं. माझी बायको जिन्यावर पाल पाहते असा त्या नोंदीचा अर्थ होत होता, आणि ती नोंद माझ्या नावाच्या फाइलवर कायमची राहणार होती. बावीस वर्षं मी ज्या ऑफिसातल्या लोकांचं इंग्रजी सुधारलं, तिथे माझ्याच घरच्या धापेला चुकीचा शब्द. मी सक्सेनाला म्हणालो, "ये शब्द ग़लत है."

"अरे साब," तो म्हणाला, "साहब ने दस्तख़त कर दिए."

मी घरी येऊन दुरुस्तीपत्रक लिहायला बसलो. प्रमिलेने विचारलं, "मिळालं का?" मी म्हटलं, "मिळाल्यात जमा आहे, पण नोंदीत चूक आहे."

"कसली चूक? नंबर चुकला का?"

"नंबर नाही. शब्द."

"मंजूर झालंय ना? मग राहू द्या ना शब्द."

"प्रश्न तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. घरात हे वाक्य मी उच्चारलं की ती पुढे बोलत नसे.

दुरुस्तीपत्रक अर्ध्या पानाचं झालं, पण त्याला मी परिशिष्ट जोडलं. 'सदर शब्दाचे अर्थ व उगम', नऊ पानं, टाइप केलेली, दुहेरी अंतर सोडून. चारही अर्थ क्रमांक देऊन. फ्रेंच, लॅटिन, ग्रीक सगळं. अंथरुणात उठून बसलेला तो माणूसही घातला. इतकं सुरेख इंग्रजी मी त्याआधी लिहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. सक्सेनाने ते घेतलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. तो माझ्यासाठी पडला होता हे मला फार उशिरा कळलं.

ठवकर म्हणाले होते तसंच झालं. साहेबांनी वाचलं. माझं परिशिष्ट त्यांनी एका सुट्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, आणि माझ्या दुर्दैवाने त्यांना ते समजलं. मंजूर झालेली फाइल पुन्हा उघडली आणि तीन मुद्द्यांची नवी नोंद आली. एक, सदर तक्रारीचा उगम फँटसी म्हणजे कल्पनेत आहे असं अर्जदार स्वतःच लेखी सांगतात. दोन, सदर शब्दाचा अर्थ आस लागणं असाही असल्याचं अर्जदार म्हणतात. तळमजल्याची आस सर्वच कर्मचाऱ्यांना असून ते वैद्यकीय कारण होत नाही. तीन, चौथा अर्थ वाफेच्या यंत्राशी संबंधित असल्याने बॉयलर शॉपचा अभिप्राय मागवावा.

नोंदीच्या इंग्रजीत मला एकही चूक काढता आली नाही. मी दोनदा शोधली.

फाइल बॉयलर शॉपला गेली आणि आठवड्याभराने ठवकर ती काखेत मारून आमच्याकडे आले. खुर्चीत बसून ते आधी पाणी प्यायले. "टेंबेसाहेब," ते म्हणाले, "वहिनीची धाप आमच्या शॉपले आली न बापा. काय लिहू?" मग त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला अभिप्राय दाखवला. मोडकं इंग्रजी, पण अक्षर मोठं आणि स्पष्ट. त्याचा अर्थ असा: आमचा बॉयलर ठीक आहे. बाई ठीक नाहीत. क्वार्टर द्या.

हा कागद मी तसाच जाऊ द्यायला हवा होता. त्या एका कागदाने कदाचित सगळं सावरलं असतं. पण बॉयलर शॉपने बाईंविषयी मत द्यावं हे नियमात बसत नव्हतं, आणि तीन वाक्यांत दोन क्रियापदं गायब होती. मी पेन काढलं. "वसंतराव, हे असं चालणार नाही," म्हणत मी शेवटची दोन वाक्यं खोडली आणि तिथे नीट मसुदा घातला: 'सदर प्रकारचा कोणताही आविष्कार या विभागात आढळून आलेला नाही.' ठवकरांनी तो वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमच्यासारखं इंग्रजी आमाले काही येत नाही." मी ते कौतुक समजलो.

एस्टेट ऑफिसने त्या अभिप्रायावर नोंद केली, 'असा कोणताही आविष्कार आढळत नसल्याचं तांत्रिक विभागाने कळवलं आहे.' मार्च संपला. गुप्ताजी ट्रकमध्ये सामान भरून गेले, आणि तळमजल्याचं क्वार्टर टाउनशिपच्या व्हॉलीबॉल टीमच्या कॅप्टनला मिळालं. त्याचा अर्ज हिंदीत होता. 'घुटने में दर्द है.' तेवढाच. संध्याकाळी नेटपाशी तो माणूस जमिनीपासून हातभर वर उडालेला मी गॅलरीतून बघत असे.

कारखान्यात माझं नाव 'फँटसीवाले टेंबे' पडलं. कँटीनमध्ये चहा घेताना कुणी खोकलं की दुसरा विचारायचा, "कौन-सा अर्थ, एक या चार?" ज्या लोकांना मी रजेचे अर्ज लिहून दिले होते, तेच हे विचारत होते. मी वर मान न करता बिस्किट बुडवत असे आणि ते बशीत पडत असे. अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांची रांग मात्र थांबली. माणसं आता सक्सेनाकडे जाऊ लागली.

क्वार्टर गेल्याचं मी प्रमिलेला संध्याकाळी सांगितलं. साहेबांचा आकस, ऑफिसातलं राजकारण, व्हॉलीबॉलवाल्याची वशिलेबाजी, असं बरंच काही सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि आमटीला फोडणी द्यायला उठली. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी जिंकतो.

एप्रिल गेला, मे गेला. भोपाळच्या उन्हाने जिन्याच्या भिंती दुपारी हात लावू देत नसत. जूनमध्ये फाइलवर शेवटी कुणीतरी शहाणपण केलं आणि कारखान्याच्या दवाखान्याला विचारणा झाली: तक्रार खरी की मानसिक, ते तपासून कळवावं. दोघांनी हजर राहायचं होतं. मी परिशिष्टाची कार्बन प्रत बरोबर घेतली. हो, घेतली.

दवाखान्यातल्या सिद्दीकी डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज शांत. त्यांनी फाइल उघडली नाही. बाजूला सरकवून तिच्यावर स्टेथोस्कोप ठेवला आणि प्रमिलेला विचारलं, "क्या होता है आपको?"

"दम फूलता है," प्रमिला म्हणाली.

मी पुढे सरसावलो. "डॉक्टरसाहब, इसमें एक सूक्ष्म भेद है..."

"आप इनके कौन?"

"पति."

"तो आप ही बताइए. सीढ़ी में ये कहाँ-कहाँ रुकती हैं?"

मी तोंड उघडलं. फ्रेंच माहीत होतं, लॅटिन माहीत होतं. प्रमिला जिन्यात कुठे थांबते ते मला माहीत नव्हतं. ती थांबते हेच मला माहीत नव्हतं.

"रात को कितने तकिये लेती हैं?"

"एक," मी म्हणालो. एवढं तरी मला येत होतं.

"तीन," प्रमिला हळूच म्हणाली. "दिवाळीपासून. सपाट झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. ट्रंकेतल्या दोन जुन्या उशा काढल्यात. सकाळी परत ठेवते." हे तिने मराठीत सांगितलं, म्हणजे मला सांगितलं. डॉक्टरबाईंना मग तेच हिंदीत सांगितलं.

"कभी नींद से घबराकर उठ बैठती हैं? साँस के लिए?"

"हाँ. सर्दियों से रोज़. दो-तीन बार. खिड़की के पास जाकर बैठती हूँ."

"और ये?"

"ये सोए रहते हैं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पंखा बंद आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं.

माझ्या मांडीवर ती कार्बन प्रत होती. तिच्या सहाव्या पानावर मी त्या फ्रान्समधल्या माणसाचं वर्णन केलं होतं, अंथरुणात दचकून उठलेल्या, तोंड उघडं टाकून हवा शोधणाऱ्या. सव्वा पान केलं होतं. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाची मला कीव आली होती. आणि ज्या आठवड्यात मी ते लिहीत होतो, त्या आठवड्यात माझ्या पलंगापासून दोन हातांवर माझी बायको रोज तशीच उठून बसत होती, आणि मी झोपलेलो होतो. मी ती प्रत उलटी करून खुर्चीखाली ठेवली. एवढी शरम मला जन्मात कधी वाटली नव्हती, आणि ती वाटून घ्यायलासुद्धा मी सात महिने उशीर केला होता.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाची एक झडप बिघडलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, मोठ्या दवाखान्यातल्या तपासण्या ठरल्या. वेळेवर आलात असं त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत. मग फाइल ओढून त्यांनी एक ओळ लिहिली. 'हृदयविकार. जिना वर्ज्य. तळमजला ताबडतोब.' शब्द कोणता वापरला ते मी पाहिलं नाही. पुढच्या ब्लॉकमधलं तळमजल्याचं क्वार्टर आम्हाला नवव्या दिवशी मिळालं, आणि गोळ्यांनी प्रमिलेची रात्रही हळूहळू सुधारली. ते नऊ दिवस प्रमिलेला जिना चढावा-उतरावा लागू नये म्हणून ठवकरांकडेच राहा असं शारदाबाईंनी, म्हणजे वसंतरावांच्या बायकोने, सुचवलं आणि आम्ही राहिलो.

पण सांगायचा राहिलाय तो त्या दिवशीचा जिना. दवाखान्यातून परत आलो तेव्हा, कुठेही राहायचं ठरलं तरी, सामान आणायला निदान एकदा वर जाणं भाग होतं. मी म्हटलं, तू खाली थांब, मी आणतो. ती म्हणाली, कुठे काय ठेवलंय ते तुम्हाला सापडायचं नाही. ते खरं होतं. म्हणून आम्ही निघालो, आणि मी पहिल्यांदा तिच्या मागे राहिलो. अकराव्या पायरीला ती थांबली. मी मोजल्या. कठडा धरून, मान खाली, खांदे वरखाली होत होते. चेहरा माझ्याकडे नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा चढली, पुन्हा थांबली. मीही दोन पायऱ्या खाली तसाच थांबत गेलो.

दुसऱ्या मजल्याशी पोचेपर्यंत ठवकरांचं दार आपणहून उघडलं. शारदाबाई एक लाकडी स्टूल घेऊन बाहेर आल्या, ते भिंतीला लावलं, आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या. प्रमिला बसली. दोघींना सगळं पाठ होतं. मग शारदाबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं, आणि त्यांनी डोक्यावरून पदर सारखा केला. "आज तुम्ही पण हाय का?" त्या म्हणाल्या. "रोज एकल्याच असतात म्हणून एकच पेला आणला न."

"दही आणायला पाठवलं होतं तेव्हाही?" मी विचारलं.

"तेव्हा तर अर्धा तास बसल्या होत्या. हसून राहिल्या होत्या. म्हणे, हे वर दारात पुस्तक घेऊन उभे आहेत, धाप जरा उतरू दे, नाहीतर घाबरतील."

प्रमिलेने अर्धं पाणी पिऊन पेला परत दिला. पदराने तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा, मी येते मागून."

हे वाक्य ती मला सात महिने म्हणत होती. बाजारातून येताना, देवळातून येताना, कुणाच्या लग्नाहून येताना, इमारतीच्या खाली आलो की दर वेळी. मला ते ऐकूच यायचं नाही इतकं ते सवयीचं झालं होतं, आणि दर वेळी मी पुढे होत असे, किल्ली माझ्याकडे असते म्हणून.

मी किल्ली खिशातून काढून शारदाबाईंच्या हातात दिली आणि जिन्याच्या पायरीवर बसलो, प्रमिलेच्या पायांशी. तेवढ्यात खालून व्हॉलीबॉलवाला दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आला, कुणाकडे तरी चालला होता. आम्हाला बघून थबकला. "क्या हुआ टेंबेसाब? भाभीजी को कुछ हुआ?"

"हाँ," मी म्हणालो. "इनका दम फूलता है."

तो मान हलवून बाजूने निघून गेला. प्रमिलेचा श्वास अजून खाली बसला नव्हता. मी तो ऐकत बसलो.